सरळ

पर्थहून लंडनला सरळ विमान जातं.
सतरा तास, मध्ये कुठे टेकणं नाही.
नेवानं फोनवर तेच सांगितलं:
आई, उगाच वाट वाकडी करू नका,
संध्याकाळी बसा, पहाटे उतरा, मी दाराशीच असेन.

मी हो म्हटलं
आणि वाट वाकडी केली.

कारण झ्वॉन्को.
एकतीस वर्षं ट्रक चालवला त्यानं,
पर्थ ते अ‍ॅडलेड, अ‍ॅडलेड ते पर्थ,
मध्ये नलार्बरचं झाड नसलेलं मैदान.
रस्ता इतका सरळ, तो म्हणायचा,
की स्टिअरिंगला हात लावायचा तो फक्त सवयीनं.
हे ऐकल्यापासून मी रात्री जागी राहायला लागले.
उभा जन्म त्यानं बसून काढला.
झोपायचा कॅबमागच्या फळीवर, गुडघे पोटाशी.
घरी पलंगावरही तसाच,
स्वल्पविरामासारखा;
उरलेल्या जागेत मी.

तीन रात्री स्वयंपाकघरात बेरजा केल्या.
सरळ विमानात आडवं व्हायचं तर
स्पिअरवुडची वाडी पुन्हा एकदा विकावी लागली असती.
सिंगापूरवरून, निम्म्याहून कमी पैशांत,
गादी, उशी, पाय लांब.
फक्त नऊ तास जास्त,
त्यातले सात नुसते बसायचे.
सरळ जायचं की सरळ झोपायचं,
दोन्ही सरळ आमच्या तिकिटात मावत नव्हते.

शेजारचा कॅल्विन हसला:
जास्तीचे पैसे मोजून उशिरा पोचणारे तुम्हीच!

झ्वॉन्कोनं एवढंच विचारलं,
थांबा कुठे?
सिंगापूर.
पाय मोकळे करता येतील?
येतील.
मग ठीक. न थांबता सतरा तास?
आमच्या धंद्यात लायसन्स गेलं असतं.

विमानात त्या पोरीनं त्याचं आडनाव
अगदी बरोबर उच्चारलं.
तो इतका गोंधळला
की कोट तिच्या हातात द्यायला तयारच होईना.
जेवणात चार काटे. त्यानं एक वापरला,
बाकीचे पुसून जागेवर ठेवले.

मग तिनं बटण दाबलं.
खुर्ची हळूहळू उलगडत गेली,
आणि झ्वॉन्को तिच्याबरोबर.
मान, पाठ, गुडघे, टाचा,
सगळं एका रेषेत.
हात छातीवर.
गळ्यापर्यंत पांढरी चादर.
दिवे मंद.

इतका सरळ मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मनात आलं ते बोलले नाही.
म्हटलं, पुन्हा वर करू का?
हो म्हणाला, लगेच,
तोही त्याचीच वाट बघत असल्यासारखा.
बसला. खिडकीकडे तोंड केलं,
आणि काळोखात पुढे बघत राहिला
समोरून कुणी दिवा मारेल म्हणून.

त्याला बघता बघता मी आडवी झाले, जरा टेकावं म्हणून.
जाग आली ती चाकं जमिनीला लागल्यावर.
उशीवर माझी लाळ.
लग्नानंतर एवढी गाढ झोप मला आठवत नाही.
चाक त्याच्या हातात नव्हतं,
आणि तो मला दिसत होता,
म्हणून असेल.

आता सिंगापूर. पहाटेचे चार.
लाउंजमध्ये फुकट नूडल्स आहेत, आंघोळीची सोय आहे,
तीन भाषांतली वर्तमानपत्रं आहेत.
झ्वॉन्को सोफ्यावर. दोन जणांच्या.
गुडघे पोटाशी, तोंड उघडं.
बूट खाली जोडीनं ठेवलेले.
गालिचा झाडणारा माणूस आला, थबकला,
आणि यंत्र त्या बुटांना वळसा घालून पुढे घेऊन गेला.
मी मान हलवली. त्यानंही.

पुढच्या विमानाला साडेचार तास आहेत.
तिथेही गादी आहे, पैसे भरलेली.
बघू.

फोन थरथरला. नेवा.
तिकडे अजून कालची रात्रच आहे.
कुठे पोचलात?

मी लिहिलं, मध्ये.
मग पुसून लिहिलं, सिंगापूर,
नाहीतर ती घाबरायची.